दिवाळी, फराळ आणि घरातले मुके जीव: गेल्या वर्षी आमच्या तांबूचं जे झालं ते

तांबूची_आई | कोजागरीचा दुसरा दिवस, दुपारी ३.१०

दिवाळी जवळ आली की फटाक्यांवर धागे निघतात, निघायलाच हवेत. मी मात्र हा धागा घरातल्या गोष्टींसाठी काढतेय, कारण आमच्यावर जी वेळ आली ती घरातल्या घरात, भर दुपारी आली.

तांबू आमचा गावठी कुत्रा, पाच वर्षांचा, वजन अठरा किलो. गेल्या वर्षी धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी मी पातळ पोह्यांचा चिवडा केला. दरवर्षीप्रमाणे हॉलमध्ये जमिनीवर पेपर अंथरले, त्यावर चिवडा गार करायला पसरला आणि पंखा लावून चकलीच्या भाजणीकडे वळले. आमच्याकडे चिवड्यात बेदाणे सढळ हाताने पडतात. सासर तासगावकडचं, घरचे बेदाणे येतात. वीसेक मिनिटांनी बाहेर आले तर पेपरच्या एका बाजूला पोहे विस्कटलेले आणि तांबू पेपर चाटत बसलेला. पोहे, डाळं, कढीपत्ता जागच्या जागी होतं. त्याने वेचून वेचून बेदाणे आणि खोबऱ्याचे काप खाल्ले होते. मी त्याला रागावले, पेपर उचलला आणि विसरून गेले. बेदाणा हे कुत्र्याला विष आहे हे मला खरंच माहीत नव्हतं.

रात्री साडेअकराला पहिली उलटी झाली. त्यात फुगलेले बेदाणे जसेच्या तसे होते. मग दुसरी, तिसरी. पाणी प्यायला की बाहेर. सासूबाई म्हणाल्या, मिठाचं पाणी पाज, सगळं पडून जाईल. मी मीठ विरघळवायला घेतलंसुद्धा होतं, तेवढ्यात डॉक्टरांचा फोन लागला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "द्राक्षं किंवा मनुका खाल्ल्यात का?" आणि दुसरं वाक्य, "घरी काही पाजू नका, आत्ता निघा."

पुढचे दोन दिवस सलाईन. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी दवाखान्याच्या फरशीवर त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. दर चोवीस तासांनी रक्त घेऊन क्रिएटिनिन (मूत्रपिंडं कशी चाललीयत ते सांगणारा आकडा) बघायचे. दुसऱ्या दिवशी आकडा चढला, तिसऱ्या दिवशी स्थिर झाला, चौथ्या दिवसापासून उतरायला लागला. त्याने भरपूर लघवी केली तेव्हा डॉक्टर पहिल्यांदा हसले. मूत्रपिंडं बंद पडली की लघवी होणं थांबतं, आणि तिथून परत येणं फार अवघड असतं, असं त्यांनी नंतर सांगितलं.

तांबू वाचला. पण तेव्हापासून मी घराकडे त्याच्या उंचीवरून बघते. खरोखर जमिनीवर बसून बघते. दिवाळीत आपलं निम्मं घर खाली येतं: फराळ पेपरवर, पणत्या उंबऱ्यावर, रांगोळी दारात, फुलांच्या परड्या देवघरासमोर, माळ्यावरची खोकी हॉलमध्ये. त्यांच्या नाकासमोर आपण एरवी कधी नसतं एवढं सामान मांडतो. तुमच्या घरी काय काय झालंय, तुम्ही काय करता, ते कृपया इथे लिहा.

---

माऊवेडी | त्याच दिवशी, संध्या. ५.४५

वाचताना अंगावर काटा आला. तांबूला खूप प्रेम.

मांजरवाल्यांसाठी लिहिते. मांजराच्या बाबतीत सगळ्यात मोठा शत्रू दोरा. दसऱ्याला झेंडूचं तोरण बांधतो, दिवाळीला परत बांधतो, वाळलं की काढून कोपऱ्यात टाकतो. आमच्या मनीने त्यातला दोरा गिळला. दोन दिवस जेवली नाही, कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन बसून राहिली. आम्हाला वाटलं फटाक्यांना घाबरली. डॉक्टरांनी तोंड उघडून जीभ वर केली तर जिभेच्या मुळाशी दोऱ्याचा वेढा होता आणि दुसरं टोक आतड्यात. असा दोरा आतड्याला चुण्या पाडत जातो आणि करवतीसारखा कापतो. ऑपरेशन करावं लागलं.

एक गोष्ट प्रत्येकाने ध्यानात ठेवा: तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका. ओढला की आत आतडं फाटतं. बाहेरचा लांब भाग कापून तसंच उचलून डॉक्टरकडे न्या. पणतीच्या तुपात भिजलेल्या वाती, आकाशकंदिलाच्या झिरमिळ्या, भेटवस्तूंवरच्या सोनेरी फिती, सगळ्याला हेच लागू.

आणि लिली. हल्ली दिवाळीला पुष्पगुच्छ देतात त्यात मोठी गुलाबी-पांढरी लिली असते. ती मांजराला जीवघेणी आहे. पान, पाकळी, अंगावर पडलेले पराग चाटून पोटात गेले तरी, अगदी फुलदाणीतलं पाणीसुद्धा. दोन-तीन दिवसांत मूत्रपिंडं जातात. माझ्या घरी असा गुच्छ आला तर मी दारातूनच शेजारी देऊन टाकते.

---

ठाणे_पूर्व | त्याच दिवशी, रात्री ९.२०

धागाकर्तीचा अनुभव वाचून वाईट वाटलं, पण एक प्रामाणिक शंका आहे. आमच्याकडे आधीचा कुत्रा चौदा वर्षं जगला. दर पौर्णिमेला सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा खायचा, बेदाण्यांसकट. त्याला कधी काही झालं नाही. मग सगळ्याच कुत्र्यांना बाधतं असं म्हणता येईल का? की तांबूच्या पोटात आणखी काही गेलं होतं?

---

पांढरा_कोट | दुसरा दिवस, सकाळी ७.३०

ठाणे_पूर्व, तुमची शंका रास्त आहे. आमच्या दवाखान्यात निम्मे लोक हेच विचारतात.

द्राक्षं आणि बेदाण्यांचं अवघड हेच आहे की किती खाल्ल्यावर बाधेल याचा अंदाज बांधता येत नाही. एखादा मोठा कुत्रा मूठभर खाऊन ठणठणीत राहतो आणि एखादा मोजक्या बेदाण्यांनी आजारी पडतो. द्राक्षातलं टार्टारिक आम्ल याला कारणीभूत असावं असा अलीकडचा अंदाज आहे. त्याचं प्रमाण द्राक्षाच्या जातीप्रमाणे आणि पिकण्याप्रमाणे बदलतं, म्हणजे या वर्षीचा बेदाणा आणि गेल्या वर्षीचा बेदाणा सारखा नसतो. वाळल्यामुळे बेदाण्यात सगळं एकवटलेलं असतं. तुमच्या कुत्र्याचं नशीब चौदा वर्षं चांगलं होतं. पुढच्याचं तसंच असेल हे कोणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही, म्हणून आमच्या लेखी सुरक्षित प्रमाण शून्य.

खाल्ल्याचं लगेच कळलं तर पहिल्या दोन तासांत दवाखान्यात इंजेक्शन देऊन उलटी करवता येते, आणि बहुतेक वेळा तिथेच संकट टळतं. उलटीची वाट बघत घरी बसू नका.

मिठाच्या पाण्याबद्दल तांबूची_आई यांनी लिहिलं ते बरं झालं. मीठ पाजल्याने रक्तातलं सोडियम चढतं, त्याने झटके येतात, कुत्रा त्यानेच दगावू शकतो. फिनेल, रॉकेल, ॲसिड पोटात गेलं असेल तर उलटी करवणं आणखी घातक, कारण वर येताना ते अन्ननलिका पुन्हा भाजतं आणि फुप्फुसात उतरतं. दूध, तूप, कोळसा, लिंबू यातलं काहीही मनाने देऊ नका. फोन करा, पाकीट किंवा बाटली सोबत घ्या आणि निघा.

आता दिवाळीच्या आठवड्यात आमच्याकडे काय काय येतं ते सांगतो.

सर्वांत जास्त येतात ते तळलेलं खाऊन आजारी पडलेले कुत्रे. चकली, शंकरपाळी, करंजी. पाहुण्यांपैकी प्रत्येकजण "एकच तर दिली" म्हणतो, आणि असे दहा पाहुणे. एवढी चरबी एकदम पोटात गेली की स्वादुपिंडाला सूज येते. कुत्रा पुढचे पाय खाली टेकवून ढुंगण वर करून उभा राहतो, जणू नमस्कार घालतोय. ते लाडाचं लक्षण नसतं, पोटात कळ असते. लसूण घातलेला चिवडा, कांद्याचं वाटण असलेली भाजी हे वेगळं. कांदा-लसणाने तांबड्या पेशी फुटतात, आणि त्याची लक्षणं तीन-चार दिवसांनी दिसतात: हिरड्या फिक्या, लघवी लालसर. तोवर घरचे लोक काय खाल्लं ते विसरलेले असतात. चॉकलेटचे डबे हल्ली भेट म्हणून घरोघर येतात. त्यात जितकं गडद तितकं वाईट.

मधुमेही आजी-आजोबांसाठी आणलेल्या बिनसाखरेच्या मिठाईच्या पाकिटावर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) किंवा त्याचाच क्रमांक आयएनएस ९६७ असं लिहिलंय का ते बघा. त्याने कुत्र्याची रक्तशर्करा अर्ध्या-एक तासात कोसळते, पुढे यकृतही जाऊ शकतं. सगळ्याच बिनसाखरेच्या मिठाईत ते नसतं, पण वाचल्याशिवाय कळणार नाही.

दुसरं म्हणजे साफसफाई. मांजराच्या यकृतात काही रसायनं पचवणारी विकरं फार कमी असतात. फिनेलने पुसलेल्या ओल्या फरशीवरून मांजर चालतं, मग पंजे चाटतं, आणि तोंडाला लाळ सुटून आमच्याकडे येतं. फरशी पुसून वाळेपर्यंत मांजर दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि फिनेलनंतर साध्या पाण्याचा एक हात फिरवा. माळा आवरताना कधी काळी टाकलेल्या उंदराच्या वड्या खाली पडतात, त्या कुत्रा उचलतो. त्यातल्या पुष्कळ वड्या रक्त गोठणं बंद करतात आणि रक्तस्राव तीन ते पाच दिवसांनी सुरू होतो. वेळेत आणलं तर 'के' जीवनसत्त्वाने बरं करता येतं. कपाटातल्या डांबरगोळ्या आणि देवघरातला कापूर, दोन्हीने झटके येतात.

भाजलं तर नळाच्या गार पाण्याखाली दहा-पंधरा मिनिटं धरा. बर्फ, हळद, टूथपेस्ट नको.

---

कृष्णाकाठ | दुसरा दिवस, दुपारी १.००

डॉक्टरसाहेब, फार मोलाचं लिहिलंत. मी वाळव्याचा, आमच्याकडे चार म्हशी, दोन गाई. कुत्र्या-मांजरांच्या धाग्यात गुरांचं लिहितोय, पण आमच्याकरता तीही घरचीच.

वसुबारसेला गाय-वासराची पूजा होते. गल्लीतल्या पंधरा घरांतून बाया ताट घेऊन येतात आणि प्रत्येकीला गाईला घास द्यायचा असतो. पुरणपोळी, वडे, भात. बेंदराला बैलाचंही तेच. एक घास ठीक. पण पाटीभर पोळ्या आणि उरलेला भात गेला की रवंथ बंद पडतो, पोट डबरतं, जनावर दात खात उभं राहतं. धान्य आणि गोड एकदम जास्त झालं की पोटात आम्ल वाढतं. आमची एक गाय अशीच गेली, वडील हयात असताना. त्यानंतर वडिलांनी नियम केला: पूजा सगळ्यांनी करायची, घास एकाच घरचा द्यायचा, आणि बाकीच्यांनी हिरव्या चाऱ्याची पेंढी वाहायची. बायांनी कुरकुर न करता ऐकलं. उलट आता पेंढी आणायची चढाओढ असते.

आणि शिंगांना ऑइलपेंट लावू नका. जनावरं एकमेकांची शिंगं चाटतात. आमच्याकडे हुरमुंज, म्हणजे गेरूसारखा लाल रंगच लावतात.

---

माऊवेडी | दुसरा दिवस, दुपारी २.१५

कृष्णाकाठ, पेंढीची कल्पना किती सुंदर. यंदा आमच्या सोसायटीत गाय येते तिच्यासाठी मी हेच सुचवणार.

पूजेच्या फुलांवरून आठवलं, कण्हेर आणि बिट्टी. दोन्ही परडीत असतात आणि दोन्हींनी हृदयाचे ठोके बिघडतात. शंकराला वाहतो तो धोतरा आणि मारुतीची रुईसुद्धा विषारीच. देवाला वाहिल्यावर निर्माल्य झाकणाच्या डब्यात टाका. आमच्या जुन्या वाड्यात निर्माल्याची टोपली उंच खुंटीला टांगलेली असायची. तिचं एक कारण हेही असेल असं मला आता वाटतं.

---

हडसनकाठी | तिसरा दिवस, पहाटे ४.५०

न्यू जर्सीहून लिहितोय. इकडे दिवाळीनंतर लगेच थँक्सगिव्हिंग आणि नाताळ, त्यामुळे आमचा हा धोक्याचा मोसम दोन महिने चालतो. टर्कीची शिजवलेली हाडं चिरफळतात, बेदाणे घातलेला केक असतो, नाताळच्या झाडावरच्या चमकत्या झिरमिळ्या असतात. नाताळात घरोघर जी लाल पानांची कुंडी येते, पॉइन्सेटिया, तिला लोक फार घाबरतात. तिने फार तर लाळ गळते, थोडी उलटी होते. त्याच टेबलावर लिली ठेवलेली असते तिला मात्र कोणी घाबरत नाही.

इकडे प्राण्यांच्या विषबाधेसाठी चोवीस तास फोनसेवा आहे, पैसे लागतात, पण रात्री दोन वाजता जाणकार माणूस बोलतो. आम्ही तो क्रमांक फ्रीजवर चिकटवलाय. तुम्ही जवळच्या दोन दवाखान्यांचे, त्यातला एक रात्री उघडा असणारा, असे क्रमांक आत्ताच लिहून ठेवा. दिवाळीत नेहमीचे डॉक्टर गावाला गेलेले असू शकतात, तेही आधी विचारून घ्या.

---

ठाणे_पूर्व | तिसरा दिवस, रात्री १०.०५

पांढरा_कोट, सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. आज घरी सांगून टाकलं, शिऱ्यात बेदाणे घालायचे तर प्रसाद वाटताना आधी राणीला, म्हणजे आमच्या आताच्या कुत्रीला, आत बांधायचं. आई म्हणाली, बेदाणेच नकोत, काजू घालू. मुंबई-ठाण्याकडच्यांना परळचं बैलघोडा हॉस्पिटल माहीत असतं, पण ठाण्याहून दिवाळीच्या रात्री परळ गाठायला किती वेळ लागेल याचा मी कधी विचारच केला नव्हता. जवळचा दवाखाना आज शोधून ठेवला.

एक विचारायचं होतं. राणी फटाक्यांना इतकी घाबरते की गेल्या वर्षी तिने बाथरूमचं दार नखांनी सोलून काढलं. शेजारचे म्हणतात माणसांची झोपेची अर्धी गोळी दे. देऊ का?

---

पांढरा_कोट | चौथा दिवस, सकाळी ७.१०

माणसांची कुठलीही गोळी नको. झोपेची नको, तापाची नको. ओघात सांगतो, पॅरासिटामॉलच्या एका गोळीनेसुद्धा मांजर दगावू शकतं.

राणीला याच आठवड्यात तुमच्या डॉक्टरकडे न्या. भीती कमी करणारी औषधं आहेत आणि चांगली आहेत, पण वजनाप्रमाणे मात्रा ठरवावी लागते आणि दिवाळीच्या आधी एखाद्या शांत दिवशी देऊन बघावी लागते. ऐन लक्ष्मीपूजनाला सहा वाजता फोन केलात तर मला फारसं काही करता येत नाही. फक्त गुंगी आणणारं जुनं औषध कोणी देत असेल तर मोकळेपणाने विचारा की याने भीती कमी होते का. त्यातल्या काहींनी शरीर ढिलं पडतं आणि कुत्रा आतून तेवढाच घाबरलेला राहतो.

घरात मधली, कमी खिडक्यांची खोली निवडा. पडदे ओढा, पंखा मोठा ठेवा, टीव्ही किंवा भजनं लावा. तुमच्या अंगावरचा न धुतलेला सदरा तिच्या अंथरुणात टाका. आपल्याला सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला ४५,००० च्या आसपास, त्यामुळे आपल्या लेखी लांबचा असलेला आवाज तिच्या लेखी तसा नसतो. ती पलंगाखाली गेली तर ओढून काढू नका. जवळ येऊन बिलगली तर खुशाल कुरवाळा. जवळ घेतल्याने भीती वाढते हा गैरसमज आहे, भीती अशी शिकवली जात नाही.

फिरायला उजेडात न्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिवाळीत फटाक्यांना रात्री ८ ते १० एवढीच वेळ दिली, पण गल्लीतली मुलं घड्याळ बघत नाहीत, तेव्हा पाचच्या आत घरी या. पट्ट्याबरोबर छातीचा हार्नेसही घाला, कारण घाबरलेला कुत्रा मान मागे घेऊन पट्ट्यातून सुटतो. गळ्यात फोन क्रमांक कोरलेला बिल्ला हवाच.

---

ठाणे_पूर्व | चौथा दिवस, सकाळी ९.३०

उद्या सकाळची वेळ घेतली. बिल्लाही करायला टाकतोय.

---

तांबूची_आई | बलिप्रतिपदा, दुपारी १२.४०

सगळ्यांना पाडव्याच्या शुभेच्छा. धागा वर आणतेय, यंदाचं सांगायचंय.

चिवडा यंदा जमिनीवर आलाच नाही. डायनिंग टेबलवर पेपर घातले, तिथेच गार केला आणि लगेच डब्यात भरला. बेदाणे वेगळ्या बरणीत ठेवले, ज्याला हवेत त्याने वरून घ्यायचे. सासूबाईंनी स्वतःहून बरणीवर कागद चिकटवला: "तांबूला नाही." पाहुण्यांसाठी दाराजवळ वाटीभर त्याचा रोजचा खाऊ ठेवला, उकडलेल्या रताळ्याच्या फोडी. ज्याला लाड करायचे त्याने त्यातलीच एक द्यायची. मुलं खूश, तांबू त्याहून खूश. पणत्या उंबऱ्यावरून उचलून खिडकीच्या कट्ट्यावर नेल्या. तिथून एक पडदा थोडा करपला, म्हणजे पुढच्या वर्षी पडद्यांचाही विचार करायला हवा.

एक नवीन गोष्ट कळली ती लिहिते. काल सकाळी साडेसहाला त्याला फिरवायला नेण्याआधी मी आणि शेजारच्या दोघी झाडू घेऊन गल्लीत उतरलो. पन्नास पावलांच्या अंतरात बादलीभर कचरा निघाला. त्यात न फुटलेले सात सुतळी बॉम्ब होते, वाती ओल्या झालेल्या, आणि फुलबाज्यांच्या तारांचा जुडगा. सुतळीला फराळाच्या तेलकट हातांचा वास असणार, कारण तांबू पट्टा ताणून नेमका तिकडेच नाक नेत होता. बॉम्ब पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवलेत. उद्या भाऊबीजेला पुन्हा उतरणार आहोत, आता पाचजणी आहोत.

---

ठाणे_पूर्व | बलिप्रतिपदा, दुपारी २.२०

राणी काल रात्री पंख्याखाली माझ्या सदऱ्यावर झोपली. नऊच्या सुमाराला थोडी थरथरली, मग पाय ताणून घोरायला लागली. बाथरूमचं दार शाबूत आहे.